वर्गात समजलेले गणित घरी सुटत नाही: अडते कुठे, आणि दुरुस्ती कशी करावी

नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवताना, सहामाहीच्या उत्तरपत्रिका वाटून झाल्या की दरवर्षी एक तक्रार हमखास कानावर येते: "मॅडम, तुम्ही फळ्यावर सोडवता तेव्हा सगळं समजतं, घरी पुस्तक वाचलं तरी समजतं, पण पेपरला कोरा कागद समोर आला की काहीच सुचत नाही." ही तक्रार करणारी मुले आळशी नसतात. त्यांच्या वह्या भरलेल्या असतात, सरावसंच पुरे झालेले असतात, आणि तरीही बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरात गाडी सोळा-सतरा गुणांवर अडते. मग आणखी एक शिकवणी लागते, नवे गाइड येते, महिनाभर बरे चालते, पुढच्या चाचणीत चार-पाच गुण वाढतात आणि त्यानंतरच्या चाचणीत ते पुन्हा होते तिथेच येतात.

अडचण अशी परत परत येते, कारण दुरुस्ती भलत्याच जागी केलेली असते. विहिरीवरची मोटर पाणी ओढत नसेल तर शेतकरी आधी वीज आहे का ते पाहतो, मग फूटव्हॉल्व्ह पाहतो, मग पाइपाचे सांधे तपासतो. तो थेट नवी मोटर विकत आणत नाही. गणिताच्या बाबतीत मात्र आपण "मुलाचे गणित कच्चे आहे" एवढ्यावर थांबतो आणि सगळ्यावर एकच उपाय करतो, तो म्हणजे आणखी उदाहरणे सोडवून घेणे. हात कोणत्या ओळीवर थांबला हे ठाऊक नसेल, तर शंभर उदाहरणे सोडवूनही तीच ओळ शंभर वेळा चुकते. म्हणून हे सगळे लिखाण त्या एका ओळीच्या शोधाविषयी आहे.

आधी तपासणी करावी

आठवड्यापूर्वी सोडवलेल्या सरावसंचातली पाच उदाहरणे निवडावीत. ती चालू धड्यातली नसावीत, आणि शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या प्रकरणांतली असावीत. पुस्तक, वही, गाइड आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, फक्त उदाहरणांची वाक्ये कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावीत आणि पेनाने सोडवायला बसावे. खोडरबर वापरू नये. खोडलेली ओळ म्हणजे नाहीसा केलेला पुरावा असतो आणि आपल्याला तो पुरावाच हवा आहे. प्रत्येक उदाहरणाला दहा मिनिटे द्यावीत. जिथे हात थांबेल तिथे लाल रेघ मारावी आणि त्या क्षणी मनात काय होते ते रेघेपुढे एका वाक्यात लिहावे: "प्रश्नात काय विचारले आहे ते कळत नाही", "काय विचारले ते कळते पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही", "समीकरण मांडले पण पुढे अपूर्णांकात गोंधळ झाला", "उत्तर आले पण ते बरोबर वाटत नाही".

ही तपासणी साधी असली तरी मुले तिला घाबरतात, कारण आठवड्यापूर्वी वहीत 'बरोबर' अशी खूण मिळालेली उदाहरणे आता सुटत नाहीत हे पाहणे क्लेशदायक असते. त्यात मुलाचा दोष नाही. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळख पटणे म्हणजेच येणे, असा मनाचा समज होतो. गल्लीतून रोज कोणाच्या तरी मागोमाग जाणाऱ्याला रस्ता माहीत असल्यासारखा वाटतो, पण एकट्याने जायची वेळ आली की पहिल्याच वळणावर तो थांबतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगांत हाच फरक दिसला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत अधिक आठवले, पण एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे आठवड्यानंतर त्यांच्या पुढे होते. ते उतारे गणिताचे नव्हते, पण वर्गात रोज दिसणारी गोष्ट त्याहून वेगळी नाही.

हात हिशेबात अडत असेल तर

मी ही शक्यता आधी घेते, कारण माझ्या अनुभवात दहावीच्या बहुतेक लाल रेघा इथेच पडतात, आणि दहावीचा धडा कितीही वेळा शिकवला तरी त्या हटत नाहीत. त्यांचे मूळ पाचवी ते सातवीत असते, आणि काही वेळा त्याही मागे.

एका विद्यार्थिनीचा कागद माझ्या नजरेसमोर आहे. उदाहरण असे होते: एका दोन अंकी संख्येतील एकक अंक दशक अंकापेक्षा ५ ने मोठा आहे आणि ती संख्या व अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज १२१ आहे, तर ती संख्या कोणती? तिने दशक अंक क्ष मानला, एकक अंक य मानला, आणि दुसऱ्या ओळीत 'क्षय + यक्ष = १२१' असे लिहून ती थांबली. तिच्या घरच्यांना वाटत होते की 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे प्रकरण तिला येत नाही. मी तिला विचारले, "३८ म्हणजे काय?" ती म्हणाली, "अडतीस." "अडतीसमध्ये तीन कुठे आहेत?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "दशकाच्या घरात." "म्हणजे किती?" "तीस." मग मी तिला 'अडतीस' हा शब्दच नीट ऐकायला सांगितले. त्यात 'अड' म्हणजे आठ आहे आणि पुढे 'तीस' आहे. आपली भाषा ती बेरीज आधीच करून ठेवते. तिने ३८ = १० × ३ + ८ असे लिहिले, मग तीनच्या जागी क्ष आणि आठच्या जागी य ठेवला, आणि १०क्ष + य ही राशी तिच्या स्वतःच्या हातून कागदावर आली. उलट संख्या १०य + क्ष झाली, दोहोंची बेरीज ११क्ष + ११य झाली, म्हणून क्ष + य = ११, आणि य − क्ष = ५ हे तर दिलेलेच होते. उत्तर ३८ आले, म्हणजे मी सहज विचारलेली संख्याच ती शोधत होती, हे पाहून तिचा चेहरा खुलला. रेषीय समीकरणांत तिला काहीही अडचण नव्हती. अडचण होती ती स्थानिक किमतीत, म्हणजे अगदी प्राथमिक शाळेतल्या गोष्टीत.

अशा जुन्या चुकांपैकी तीन चुका इतक्या वेळा भेटतात की त्यांची नावे घेऊन तपासणी करावी.

पहिली चूक पक्षांतराची. "इकडचे तिकडे गेले की चिन्ह बदलते" हे वाक्य मुलांच्या तोंडी बसलेले असते, आणि माझ्या मते शालेय बीजगणिताचे जितके नुकसान या एका वाक्याने केले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. −३क्ष = १२ असे समीकरण आले की मूल −३ पलीकडे नेते, चिन्ह बदलते आणि क्ष = १२ + ३ = १५ लिहून मोकळे होते. नियम पाळला, पण नियमाचा अर्थ हरवला. समीकरण म्हणजे तराजू आहे, दोन्ही पारड्यांवर एकच क्रिया करायची आहे, आणि इथे क्षला −३ ने गुणलेले आहे म्हणून दोन्ही बाजूंना −३ ने भागायचे आहे, एवढेच ध्यानात ठेवावे. निदान महिनाभर तरी पक्षांतर हा शब्द बाजूला ठेवून प्रत्येक ओळीच्या उजवीकडे "दोन्ही बाजूंत ७ मिळवले", "दोन्ही बाजूंना −३ ने भागले" असे लिहीत जावे. वेळ जास्त लागतो, वही लवकर भरते, पण चूक थांबते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत विलोमविधी सांगितला आहे. शेवटच्या उत्तराकडून मागे येताना गुणाकाराचा भागाकार करावा, बेरजेची वजाबाकी करावी, वर्गाचे वर्गमूळ घ्यावे, असा तो विधी आहे. म्हणजे उलट फिरवायची असते ती क्रिया, आणि हे ज्याला उमगले त्याला चिन्ह पाठ करावे लागत नाही.

दुसरी चूक अपूर्णांकातल्या काटाकाटीची. अंशात क्ष + ६ आणि छेदात ६ असेल तर मूल दोन्हीकडचे ६ काटते आणि उत्तर क्ष लिहिते. हे चूक आहे असे लाल शाईने लिहून फारसा उपयोग होत नाही. क्षच्या जागी ६ ठेवून पाहायला सांगावे. १२ भागिले ६ म्हणजे २, आणि काटाकाटी करून आलेले उत्तर ६. दोन आणि सहा सारखे नाहीत हे मुलाला कोणी पटवून द्यावे लागत नाही. अंशातील आणि छेदातील संपूर्ण राशींचा समान अवयव असेल तरच तो काढता येतो, बेरजेतले एक पद काढता येत नाही, हे वाक्य त्यानंतर सांगितले तर ते टिकते.

तिसरी चूक (अ + ब)² = अ² + ब² ही. इथेही अ = ३, ब = ४ घ्यावे. सातचा वर्ग ४९ आणि ९ + १६ मात्र २५. मग हे राहिलेले २४ गेले कुठे, हे वहीच्या चौकटीच्या पानावर पाहावे. सात चौकटींची बाजू असलेला चौरस काढून प्रत्येक बाजूवर तीन आणि चार असे भाग पाडले की कोपऱ्यांत ९ आणि १६ चौकटींचे दोन चौरस दिसतात, आणि त्यांच्या शेजारी १२-१२ चौकटींचे दोन आयत उघडपणे बसलेले असतात. मधले पद म्हणजेच ते दोन आयत. ही आकृती स्वतःच्या हाताने एकदा काढलेला विद्यार्थी मधले पद सहसा विसरत नाही, आणि विसरलाच तर ते पुन्हा शोधण्याची वाट त्याच्याकडे असते.

तिन्ही ठिकाणी उपाय एकाच जातीचा आहे हे वाचकाच्या लक्षात आले असेल. अक्षरांच्या जागी लहान संख्या घालून पाहायच्या. नियम बरोबर आठवतो आहे की नाही, याची खात्री परीक्षेच्या दालनात दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही, पण २, ३ आणि ५ यांना केव्हाही विचारता येते.

अपूर्णांकांची भीती जुनी असेल आणि परीक्षा जवळ असेल, तर वर्गसमीकरणात एक जुनी वाट फार उपयोगी पडते. पूर्ण वर्ग पद्धतीत क्षच्या सहगुणकाची निमपट करावी लागते, मग तिचा वर्ग करावा लागतो, आणि तिथे पुष्कळ मुले अडखळतात. जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत ही अडचण टाळते. ३क्ष² + ५क्ष − २ = ० हे उदाहरण घ्या. स्थिरपद उजवीकडे ठेवून ३क्ष² + ५क्ष = २ लिहावे आणि दोन्ही बाजूंना क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे १२ ने गुणावे. ३६क्ष² + ६०क्ष = २४ मिळते. आता दोन्ही बाजूंत क्षच्या मूळ सहगुणकाचा वर्ग, म्हणजे २५ मिळवावा. डावीकडे (६क्ष + ५)² होते आणि उजवीकडे ४९. म्हणून ६क्ष + ५ ही राशी ७ किंवा −७ आहे, आणि क्ष = १/३ किंवा क्ष = −२. शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक आला नाही. हीच रीत अक्षरे घेऊन एकदा करून पाहिली की पाठ केलेले सूत्र डोळ्यांसमोर तयार होते, आणि सूत्रातला 'चार' कुठून आला हा प्रश्नही सुटतो.

सुरुवातच सुचत नसेल तर

या तक्रारीचे कारण बहुधा सरावाच्या पद्धतीत दडलेले असते. अंकगणिती श्रेढीच्या धड्याखालचा सरावसंच सोडवताना मुलाला प्रत्येक वेळी ठाऊक असते की इथे श्रेढीचेच सूत्र वापरायचे आहे. रीत निवडण्याचे काम धड्याच्या मथळ्याने करून टाकलेले असते, मुलाने फक्त संख्या घातलेल्या असतात. परीक्षेत तो मथळा नसतो. म्हणजे ज्या कामाचा सराव कधी झालाच नाही, नेमके तेच काम तिथे करावे लागते.

यावर उपाय म्हणजे मिश्र सराव. झालेल्या सगळ्या प्रकरणांतली तीस-चाळीस उदाहरणे लहान चिठ्ठ्यांवर लिहावीत, प्रकरणाचे नाव लिहू नये, आणि चिठ्ठ्या डब्यात ठेवाव्यात. रोज चार चिठ्ठ्या काढाव्यात. त्यांपैकी दोन पूर्ण सोडवाव्यात आणि दोनची फक्त पहिली दोन ओळींची मांडणी करून "हीच रीत का" याचे कारण एका वाक्यात लिहावे. सुरुवातीला हे जड जाते आणि चुका वाढतात, त्यामुळे पुष्कळ जण आठवड्यातच डबा बंद करतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले होते. एका प्रकारची सगळी उदाहरणे सलग सोडवणाऱ्या गटाची सरावातली अचूकता ८९ टक्के होती, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र सलग सोडवणारा गट २० टक्क्यांवर आला आणि मिसळून सोडवणारा ६३ टक्क्यांवर राहिला. म्हणून डब्यातल्या चिठ्ठ्या अवघड वाटल्या तर त्यांना जरा मुदत द्यावी.

सुरुवात न सुचण्याचे आणखी एक कारण म्हणजे सूत्र पाठ असते, पण त्यातल्या प्रत्येक तुकड्याचे काम ठाऊक नसते. श्रेढीचे एखादे पद काढताना पदक्रमांकातून एक वजा करून मग सामान्य फरकाने गुणतात. हा एक का वजा करायचा, असे विचारले की वर्ग शांत होतो. कुंपणाचे दहा खांब डोळ्यांसमोर आणावेत. पहिल्या खांबापासून दहाव्या खांबापर्यंत जाताना मधली अंतरे नऊच असतात. एवढे एकदा दिसले की, तीन अंकी संख्यांपैकी किती संख्यांना ७ ने निःशेष भाग जातो, हा प्रश्न वेगळा वाटत नाही. पहिला खांब १०५, शेवटचा ९९४, दोहोंतील फरक ८८९, म्हणजे सात-सातची १२७ अंतरे, म्हणून खांब १२८. ताळा दुसऱ्या वाटेने करता येतो: ९९९ पर्यंत सातच्या पटीतल्या संख्या १४२, त्यांतून ९९ पर्यंतच्या १४ वजा केल्या की १२८ उरतात. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्यावर मुलाला जो आत्मविश्वास येतो, तो कोणाच्या शाबासकीने येत नाही.

सोडवलेली उदाहरणे वाचण्यालाही माझा विरोध नाही, फक्त ती झाकून वाचावीत. उदाहरणावर जाड कागदाची पट्टी ठेवावी, पहिली ओळ उघडावी, पुढची ओळ काय असेल ते स्वतः लिहावे आणि मगच पट्टी खाली सरकवावी. आपली ओळ वेगळी असेल तर ती चूक आहे की दुसरी वाट आहे, हे तिथेच तपासावे. संपूर्ण उदाहरण झाले की पुस्तक मिटून ते कोऱ्या कागदावर एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने एकदा लिहावे. एका संध्याकाळी वीस उदाहरणे वाचण्यापेक्षा अशी तीन उदाहरणे मी अधिक मोलाची मानते.

भूमितीतील सिद्धतांसाठी एक छोटी परीक्षा पुरते. आकृतीतली अक्षरे बदलावीत, आकृती आडवी फिरवावी आणि प्रमेय पुन्हा सिद्ध करायला घ्यावे. अक्षरे बदलताच सिद्धता कोसळत असेल, तर पाठ झाली होती ती अक्षरांची ओळ. अशा वेळी पक्ष आणि साध्य स्वतःच्या शब्दांत लिहून, "साध्यापर्यंत पोहोचायला शेवटच्या पायरीत मला काय हवे?" असा प्रश्न मागून पुढे विचारत यावे.

प्रश्नच कळत नसेल तर

शाब्दिक उदाहरणांत अडणाऱ्या मुलांना बहुतेक वेळा मराठीतील लहान शब्द नडतात. '५ ने जास्त' आणि '५ पट', '४ मधून वजा' आणि '४ वजा', 'तिपटीपेक्षा ४ ने कमी' आणि '४ ने कमी करून तिप्पट' यांत आकडे तेच असले तरी राशी वेगळ्या आहेत. वाक्य तुकड्यातुकड्याने वाचावे आणि प्रत्येक तुकड्यासमोर लगेच राशी लिहावी. 'एका संख्येच्या तिपटीपेक्षा' इथे थांबून ३क्ष, 'चारने कमी' इथे −४. वयाच्या उदाहरणांत 'पाच वर्षांपूर्वी' असे आले की वडिलांच्या वयातून पाच वजा होतात, मुलाच्या वयातून व्हायचे राहतात. तिथे दोघांची नावे लिहून, आज आणि तेव्हा असे दोन रकाने आखले की ही चूक होत नाही. राशी कळेपर्यंत समीकरणाची घाई करू नये.

सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्यांची आणि दहावीनंतर अकरावी विज्ञानाला जाणाऱ्यांची एक अडचण वेगळी आहे. ज्याला चल, सहगुणक, छेदिका, स्पर्शिका हे शब्द पक्के ठाऊक आहेत, तो व्हेरिएबल, कोएफिशिएंट, सीकंट, टँजंट ऐकल्यावर काही महिने गोंधळतो आणि आपल्याला गणितच येत नाही असे मानू लागतो. प्रत्यक्षात त्याला येणारी गोष्टच दुसऱ्या नावाने समोर आलेली असते. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने करून, भेटेल तसा प्रत्येक शब्द त्याच्या जोडीदारासह आणि एका लहान उदाहरणासह लिहीत गेले तर दिवाळीपर्यंत हा गोंधळ सरतो.

'सिली मिस्टेक' म्हणून सोडून दिलेल्या चुका

हा शब्द मी माझ्या वर्गात वापरू देत नाही, कारण चूक का झाली याचा तपास तो थांबवतो. निष्काळजीपणाने झाल्या असे वाटणाऱ्या चुकाही ठरावीक जागीच होतात. एक वेगळी वही करावी. डाव्या पानावर चुकलेली ओळ जशीच्या तशी लिहावी, उजव्या पानावर ती का चुकली हे लिहावे आणि लहान संख्या घालून ताळा दाखवावा. संपूर्ण उदाहरण लिहू नये. महिन्याभराने ही वही उघडली की वीस-पंचवीस नोंदी प्रत्यक्षात तीन-चार प्रकारांच्याच निघतात: कंसाबाहेरचे ऋण चिन्ह फक्त पहिल्या पदालाच लावलेले असते, वर्गमूळ घेताना ऋण उकल विसरलेली असते, किंवा क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून शून्य ही उकल गमावलेली असते. या शेवटच्या चुकीत क्ष शून्य असू शकतो हे ध्यानात घेतलेले नसते, आणि शून्याने भागता येत नाही. त्यामुळे सगळे एका बाजूला घेऊन अवयव पाडावेत, म्हणजे शून्य आणि पाच अशा दोन्ही उकली हाती लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला ही वही कोणत्याही गाइडपेक्षा चांगली.

अडल्यावर किती वेळ थांबावे, आणि कसे विचारावे

पंधरा ते वीस मिनिटे स्वतः झगडावे, पण त्या वेळात नुसते कागदाकडे बघत बसू नये. आकृती काढावी, मोठ्या संख्येच्या जागी लहान संख्या घेऊन तेच उदाहरण सोडवावे, पुस्तकामागचे उत्तर पाहून तिथून उलटे यावे. तरीही सुटले नाही तर उत्तराची फक्त पुढची एकच ओळ उघडून पुन्हा पुस्तक मिटावे. शिक्षकांकडे जाताना "हे गणित समजलं नाही" असे म्हणू नये. "इथपर्यंत मी आलो, या ओळीनंतर दोन्ही बाजूंचा वर्ग का केला ते कळलं नाही" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला शिक्षक सगळे उदाहरण पुन्हा सोडवून दाखवतात, आणि ते पाहताना पुन्हा सगळे समजल्यासारखे वाटते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र नेमके हवे तेच उत्तर मिळते. पालकांना गणित येत नसले तरी त्यांनी मुलाला एक उदाहरण मोठ्याने समजावून सांगायला लावावे आणि जिथे तो "मग असंच करायचं असतं" असे म्हणेल तिथे "का?" असे विचारावे. लाल रेघेची जागा त्यांनाही सापडेल.

काही मुलांच्या बाबतीत मात्र वर सांगितलेले सगळे प्रामाणिकपणे करूनही पाढे टिकत नाहीत, अंकांची जागा सतत बदलते, घड्याळ आणि सुट्टे पैसे यांतही गोंधळ होतो. अशा वेळी मुलाला रागावून काहीही साधत नाही. ही गणन-अक्षमता असू शकते. तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, कारण अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात आणि शिकवण्याची रीतही बदलावी लागते.

इतर सर्वांनी सहा आठवड्यांनी पहिली तपासणी पुन्हा करावी. पाच नवी उदाहरणे, कोरा कागद, लाल रेघ, सगळे तसेच. रेघ पुढच्या ओळींवर सरकली असेल तर चालू आहे ते चालू ठेवावे. ती त्याच जागी असेल तर पुस्तक बदलण्याऐवजी इयत्ता बदलावी. बालभारतीची पाचवी, सहावी, सातवीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. दहावीतल्या मुलाला सहावीचे पुस्तक उघडायला संकोच वाटतो, म्हणून ते घरी, एकट्याने, रोज अर्धा तास उघडावे. अपूर्णांक आणि पूर्णांक यांचे धडे पंधरा वर्षांच्या मुलाला आता नव्याने शिकायचे नसतात, फक्त सुटलेला टाका पुन्हा घालायचा असतो, आणि त्याला साधारण दोन आठवडे पुरतात.